झटपटला घातलेली शपथ

आमच्या समोरच्या दारात राहते तिला तिच्या कारखान्यात सगळ्या झटपट म्हणतात. ते नाव तिच्या मागोमाग जिना चढून आमच्या मजल्यावर आलं आणि इथेही तेच चिकटलं. आठ वर्षांपूर्वी ती दोघं राहायला आली, त्या दिवशी शेजारधर्म म्हणून मी चहा घेऊन गेले. नवरा खोलीच्या मधोमध टेबलपंखा छातीशी धरून उभा होता, कुठे ठेवू म्हणून. तिने तेवढ्यात पलंग भिंतीला लावला, पडदा टांगला, दोन पेट्या रिकाम्या केल्या. मी घरी येऊन टेकते न टेकते तोच माझे कप धुऊन-पुसून ही दारात हजर.

"वहिनी, ह्याचा कान तुटलाय. तो आधीचाच हं. मी नाही तोडला."

"माहीत आहे गं. आमच्या ह्यांनी तोडलाय."

"मग ठीक. नवऱ्यांनी तोडलेलं आपण धरत नाही."

असं तिचं बोलणं. तोंडाचा पट्टा सुरू झाला की मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. नवरा अगदी उलट, विचारलं तरी अर्धंच उत्तर देणारा. तो लिफ्टदुरुस्तीवाला. "दिवसभर अडकलेल्यांना सोडवतात," ती त्याच्यादेखत म्हणायची, "आणि घरी आले की स्वतःच खुर्चीत अडकतात. यांना सोडवायला कोणाला बोलावू?" तो नुसता हसायचा. मला ती दोघं आवडायची. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे समोरचं दार उघडं असलं की आमच्या घरातही जरा जाग असायची.

तिचा कारखाना धुलाईचा. मोठमोठ्या रुग्णालयांच्या नि हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. एकदा ती घराची किल्ली विसरली म्हणून द्यायला गेले होते, तेवढंच माझं पाहणं. आत पाय ठेवला तर चष्म्यावर वाफ. खोलीभर लांबीचा एक तापलेला रोलर फिरतोय. या बाजूला दोघीजणी ओली चादर दोन कोपऱ्यांनी धरून त्याच्या तोंडात देताहेत, त्या बाजूला दोघी ती गरम पकडून घडी घालताहेत. हाताच्या चार हालचाली, एक घडी. चादर थांबत नाही म्हणून बाईलाही थांबता येत नाही. बसायला स्टूलसुद्धा नाही, कारण बसलेल्या बाईचे हात तिथवर पोचत नाहीत. दहा तास असं. झटपट त्यात सगळ्यांत चपळ. मुकादमीण मला कौतुकाने म्हणाली, "ही आहे म्हणून लाइन चालते." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता, जणू माझीच धाकटी बहीण.

त्या लाइनीवर एका गोळीला टेकू म्हणायचे. पाठ दुखते म्हणणाऱ्या नवीन बाईला आधी सगळ्या हसायच्या, मग जेवणाच्या सुट्टीत एखादी पाकिटातून पांढरी गोळी काढून मोडायची आणि अर्धी तिच्या तळहातावर ठेवायची. "घे टेकू. भिंत पडायला नको." दुखणं थांबवायचं ते जालीम औषध होतं, कोपऱ्यावरच्या दुकानात कोणी चिठ्ठीही मागायचं नाही. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. हे ती मला हसत हसतच सांगायची. एकदा सकाळी दार उघडंच होतं म्हणून मी आत डोकावले, तर ही तोंड धुवायच्या आधी गोळी घेतेय.

"अगं, कसलं औषध हे?"

"पाठीचं."

"पाठीचं औषध दात घासायच्या आधी लागतं?"

"पाठ माझ्याआधी उठते, वहिनी."

मीही हसले. हसण्यासारखंच बोलायची ती, काय करणार.

मग तिला दिवस गेले, आणि ते तिलाच पाचव्या महिन्याच्या तोंडावर कळलं. याचं नवल वाटेल, पण त्या गोळीने महिन्याची पाळी मागेपुढे होते, कधी दोन-दोन महिने येतच नाही. लाइनीवरच्या सगळ्याजणींचं तसंच, त्यामुळे कोणी दिवस मोजायच्याच नाहीत. पोट घट्ट वाटतंय म्हणून तिने एप्रनची नाडी सैल केली, आणि मुकादमीण म्हणाली, "अगं ए, हे जेवणाचं पोट नाही."

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे सांगायला आली. मी देवापुढे दिवा लावला, तिच्या हातावर साखर ठेवली. आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर विचारलं, "आणि ती गोळी?"

"कमी केलीय की."

"कमी म्हणजे?"

"तीनवर आलेय."

डॉक्टरकी मला कळत नाही, पण आईने गिळलं ते लेकराला पोचतं एवढं कोणीही सांगेल. मी तिचा हात धरून तिला माझ्या देवाच्या कोपऱ्यात नेलं, तिचाच तळवा तिच्या पोटावर ठेवला आणि म्हटलं, "तुझ्या पोटातल्या जिवाची शपथ आहे तुला. आजपासून एकसुद्धा नाही."

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "वहिनी, माझी घाला ना. बाळाची कशाला?"

"तुझी घातली तर तू मोडशील."

तिला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाटलं, लागू पडली. मी रोज झोपण्याआधी वहीत चार ओळी लिहिते. त्या दिवसाच्या पानावर आहे: "झटपटला शपथ घातली. मन हलकं झालं." आता ते पान वाचवत नाही, आणि फाडवतही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी बंद केली. एकदम. संध्याकाळपर्यंत नाक वाहायला लागलं, जांभया थांबेनात, अंगावर काटा नि कपाळावर घाम एकाच वेळी. कारखान्यात ताप म्हणून कळवलं. मी सूप घेऊन जायची, ते पोटात राहायचं नाही. पाय असे झाडायची की पलंग भिंतीवर आपटायचा. मी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत म्हणायची, "सोस गं थोडं. वाईट आहे ते बाहेर पडतंय." नवऱ्याला दोघींनी मिळून तापच सांगितला होता. त्याला गोळीचं ठाऊक नव्हतं, आणि माझ्या मते बाईची गोष्ट बाईतच निपटलेली बरी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. सुटायचं, परत आवळायचं. दिवस भरायला तर अजून कितीतरी अवकाश होता. मी घाबरून खाली धावले, तिच्या नवऱ्याला फोन करायला. तो कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला, त्याला निरोप पोचेपर्यंत अर्धा तास गेला. वर आले तर ही उठून बसलेली, केस विंचरलेले, चेहरा निवळलेला.

"उतरलं," म्हणाली.

मी तिथेच हात जोडले. वाटलं, देवाने आणि शपथेने मिळून तारलं. खरी गोष्ट मला साडेतीन वर्षांनी कळली. पडद्याच्या काठाच्या शिलाईत तिने दोन गोळ्या ठेवल्या होत्या. मी जिना उतरले तशी तिने शिलाई दाताने तोडली. पोट सैल झालं, मूल राहिलं, आणि शपथ मोडली. त्यानंतर बाळंत होईपर्यंत ती रोज चोरून घेत राहिली आणि माझ्यासमोर रोज हसत राहिली.

मुलगी झाली. तीन आठवडे आधी, मुठीएवढी. बापाने बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून बोलला, "मुंगी आहे." तेच नाव पडलं. पहिला दिवस बरा गेला, दुसऱ्या दिवशी रडणं सुरू झालं. मी पुष्कळ तान्ही पोरं ऐकली आहेत, असं रडणं नाही. काचेवर खिळा ओढावा तसं बारीक, एकसारखं. हनुवटी थरथर कापायची, मुठी उघडायच्या नाहीत, दूध ओढायला जायची आणि धाप लागून सोडून द्यायची. रुग्णालयातली नर्सबाई अनुभवी होती. तिने मुंगीची कापणारी टाच बोटात धरून ठेवली आणि सरळ विचारलं, "दिवस असताना काही घेत होतीस का? गोळ्या, काही?"

झटपटने माझ्याकडे पाहिलं. "नाही."

नर्सबाईने मग माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून ठामपणे मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर तर शपथ झाली होती! त्याआधीच्या महिन्यांचं मी धरलंच नाही. त्या मानेने तिला परतीची वाटच ठेवली नाही. खरं कळतं तर त्या थरथरण्यावर औषध होतं, शांत अंधारी खोली होती, उबेला धरून बसायची रीत होती. ते काही झालं नाही. पोर दोन-अडीच आठवडे तशीच झुंजली आणि मग आपली आपण शांत झाली. आम्ही म्हटलं, सुटली बिचारी.

मुंगी चालायला लागली दोन वर्षांची झाल्यावर. आता चौथं चालू आहे, चार शब्द बोलते. त्यातला एक "वनी", म्हणजे मी. भांडं पडलं की सगळं अंग ताठ करून किंचाळते. एका जागी, एका वस्तूशी कपभर चहा गार होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. बाहुली उचलते, टाकते, चमचा उचलते, टाकते, दाराची कडी, पाण्याचा नळ, माझी जपमाळ. हुशार आहे की नाही हे कळायला आधी तिने थांबायला हवं. पण प्रेमळ इतकी की येऊन गुडघ्यावर गाल टेकवते, क्षणभर, आणि निघाली.

आमचे हे म्हणायचे, "आईवर गेलीय. झटपटची लेक काय एका जागी बसणार?" सगळे हसायचे. झटपटसुद्धा. पण मी तिला हसताना पाहिलंय, त्या वाक्याला ती तोंडाने हसायची नाही, दातांनी हसायची.

लहान मुलांच्या वाढीची तपासणी करतात त्या केंद्रात ती मुंगीला घेऊन जायला लागली. सोबतीला मी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी टेप घेऊन डोकं मोजलं, ठोकळे मांडून बघितले, हाका मारून बघितल्या. डोकं वयाच्या मानाने लहान भरलं. त्या पहिल्या दिवशीच त्यांनी विचारलं, मग दर खेपेला वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, "पोटात असताना काही औषधं? दारू? काहीही? मी रागावणार नाही." दर खेपेला ती माझ्याकडे पाही आणि म्हणे, "नाही."

परत येताना एकदा बसथांब्यावर ती आपणच म्हणाली, "रोलरच्या तोंडात चादर देताना कोपरा दुमडला ना वहिनी, तर ती दुमड इस्त्री होऊनच बाहेर येते. किती ओढा, जात नाही. मग परत पाण्यात घालावी लागते." थोडा वेळ मुंगीची चप्पल सारखी करत राहिली. "हिला परत कुठल्या पाण्यात घालू?"

मी म्हटलं, "असं बोलू नये. देव बघतो."

यंदा, एका सकाळी आमचे हे बाहेर गेल्यावर ती आली. नेहमी आत घुसते, त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच चौकटीला टेकून उभी राहिली. मुंगी तिच्या पायात.

"वहिनी, परत."

"काय परत?"

तिने पोटाकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत तिने हात जोडले. "पाया पडते तुमच्या. ह्या वेळी शपथ घालू नका."

मग सगळं बाहेर आलं. पडद्याची शिलाई, दोन गोळ्या, नंतरचे चार महिने. आता तर दिवसाला सहा. उभ्याउभ्याच सांगत होती, आणि मी आत ये म्हणायचंही विसरले. शेवटी ती म्हणाली,

"गोळीने नाही झालं हे. गोळ्या तर सगळ्याच घेतात. आमच्या लाइनीवरच्या मोठ्या बाईने दोन्ही खेपांना घेतली. तिचा मुलगा बघा, गणितात पहिला येतो. माझ्याच पोरीचं असं का झालं? मी तिची शपथ मोडली म्हणून. त्याच दुपारपासून मला माहीत आहे. डॉक्टरला काय सांगू? गोळीचं सांगितलं की शपथ मोडल्याचं सांगितल्यासारखं. मग ते खरंच होणार ना."

"अगं वेडे, देव असा सूड घेत नाही लेकरावर."

"मग बाळाची कशाला घातलीत?"

मी सत्तावीस वर्षं नेमाने प्रार्थना करते. देव लेकराला शिक्षा करत नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरीही करेल ही भीती तिला घालायला मला एक क्षण लागला नव्हता.

"सुटली म्हणा, वहिनी," ती म्हणाली. लहान मुलं म्हणतात तसं. "शपथ सुटली म्हणा. तुम्ही घातलीत, तुम्हीच सोडवा."

मी म्हटलं. "सुटली." ती बघत राहिली, म्हणून पुन्हा म्हटलं, "सुटली गं बाई, सुटली."

"मुंगीची पण?"

मुंगी तेव्हा माझ्या चपला एकेक करून जिन्यावरून खाली टाकत होती. प्रत्येक चप्पल पडली की तिच्या आवाजाने स्वतःच दचकायची, आणि पुढची उचलायची. मी हो म्हणाले. खोटं म्हणाले की खरं, मला अजून कळलेलं नाही.

आता करायचं काय? गोळी चालू ठेवली तर हे बाळही मुंगीच्या वाटेने. बंद करायची तर ते तीन दिवस तिच्या अंगात अजून जिवंत होते. "पोट परत दगडासारखं झालं तर?" असं म्हणतानासुद्धा तिच्या ओठांवर घाम फुटायचा. इकडे आड तिकडे विहीर. मी एवढंच म्हटलं, "चल डॉक्टरीणबाईंकडे. या वेळी मी मान हलवणार नाही."

केंद्राच्या खोलीत एक ठेंगणं टेबल, त्यावर भोकांची फळी नि रंगीत खुंट्या. मुंगीला तिथे बसवलं. डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. झटपटने माझ्याकडे पाहिलं, सवयीने. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि तिने सांगायला सुरुवात केली. एरवी आगगाडीसारखी बोलणारी बाई, तिथे एकेक शब्द अडखळत होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मला तर वाटत होतं रागवाव्यात. म्हणाल्या, "एकदम बंद करायचं नाही. कधीच नाही. आईचं अंग असं पिळवटलं की पोटातल्यालाही ते सोसावं लागतं. कधी दिवसांआधी कळा येतात, कधी मूल जातं. त्या दिवशी तुझं पोट आवळलं ते त्यामुळेच."

"बंद करायला मी लावलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही भल्यासाठीच केलं असेल," म्हणाल्या, आणि परत कागदाकडे वळल्या. त्यांच्या 'असेल'ने मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

झटपटने मग तिचा प्रश्न विचारला. साडेतीन वर्षं दाबून ठेवलेला. "मुंगीचं कशाने झालं? घेतल्याने की सोडल्याने? की..."

"पोटात मूल असतं तेव्हा त्याच्या मेंदूत रोज लाखो पेशी तयार होतात, आपापल्या जागी जातात, एकमेकींशी जोडल्या जातात. ही औषधं नाळेतून थेट तिथे पोचतात आणि त्या जोडण्यात ढवळाढवळ करतात. काही मुलांच्यात फार दिसतं, काहींच्यात दिसतही नाही. का, ते नीट कोणालाच सांगता येत नाही. मुंगी लवकर जन्मली, वजन कमी, जन्मल्यावर ते दोन आठवडे विनाऔषधाचे गेले. कशाचा वाटा किती, हे मी वेगळं करून देऊ शकत नाही."

"थोडंतरी सांगा," ती म्हणाली. "अर्धं-अर्धं तरी."

डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मुंगीने तेवढ्यात एक लाल खुंटी बरोबर भोकात बसवली. आम्ही तिघींनी एकदमच पाहिलं. दुसरी तिने तोंडात घातली, तिसरी फेकली, आणि दाराच्या कडीकडे गेली.

उपाय म्हणून त्यांनी दुसरी गोळी दिली. हिने त्या पहिलीची ओढ थांबते, अंग पिळवटत नाही, आणि पोटातल्याला रोज चढ-उतार सोसावा लागत नाही. आधी दोन दिवस रुग्णालयात राहायचं, मानवते का बघायला. मग रोज एक, ठरल्या वेळी, आणि गोळ्या तिच्या हाती राहायच्या नाहीत, दुसऱ्या विश्वासाच्या माणसाकडे. बाळ झाल्यावरही पुष्कळ दिवस चालू. "घरात कोण आहे?" म्हणाल्या. म्हणजे नवऱ्याला सांगणं आलं.

सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, तिनेच थांबवलं. तो खुर्चीत बसून ऐकत होता, दोन्ही तळवे मांडीवर उताणे. शेवटी म्हणाला, "लिफ्ट अडकली की आतले लोक सगळी बटणं दाबत सुटतात. मी वरून ओरडतो, दाबू नका, मी येतोय." मग म्हणाला, "मला कोणी हाकच मारली नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला रडता तरी आलं असतं. तो पहाटेच कामाला निघतो, वेळ सांभाळता येणार नाही, म्हणून गोळ्या माझ्याकडे ठेवायचं ठरलं.

आता रोज सकाळी साडेसहाला ती मुंगीला घेऊन येते. माझी प्रार्थना तोवर झालेली असते. मी डबी उघडून एक गोळी तिच्या तळहातावर ठेवते. जिला मी एकसुद्धा घ्यायची नाही म्हणून सांगितलं, तिला तशीच पोटुशी असताना माझ्याच हाताने देते. ही गोळी गिळायची नसते, जिभेखाली विरघळू द्यायची असते, आणि तोवर बोलायचं नसतं. दहा मिनिटं झटपट माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तोंड मिटून बसते. पहिल्या दिवशी मी तिच्यासाठी काहीबाही बोलत राहिले. आता दोघी गप्प असतो. मुंगी नळ सोडते, मी बंद करते. ती परत सोडते.

कारखान्यात उभं राहायचं काम कमी द्या अशी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी गेली होती. मुकादमीण वाईट बाई नाही, पण बसून करायचं काम तिथे नाहीच. म्हणून ही अजून त्याच रोलरपाशी उभी राहते. शेजारची अर्धी गोळी पुढे करते तेव्हा ही मान हलवून नको म्हणते, असं सांगते. मी विश्वास ठेवते. ठेवावाच लागतो, आणि मागे ठेवला होता तेही आठवतं.

परवा घरी तपासायला आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं की हे बाळसुद्धा जन्मल्यावर काही दिवस कापेल. या गोळीनेही तेवढं होतं. पण आधी माहीत असेल तर खोली, औषध, माणसं तयार ठेवता येतात. "आणि पुढे? शिकणं-बिकणं?" झटपटने विचारलं. त्या म्हणाल्या, "ते वाढेल तसं कळेल."

दिवस भरायला सात आठवडे आहेत. दिवा लावून मी बसते आणि काय मागावं ते मला सुचत नाही. पूर्वी मी देवाला यादीच द्यायची. हे मूल धडधाकट असू दे म्हणायला जाते, तर मुंगीचं काय, असं मनात येतं, जणू तिला मी मोडीत काढली. म्हणून नुसती बसते. तेवढ्यात दार वाजतं. डबी उघडते, गोळी देते, घड्याळाकडे बघते. दहा मिनिटं झाली की ती पाणी पिते, "येते वहिनी," म्हणते आणि मुंगीला माझ्यापाशी ठेवून कामाला निघते. मुंगी तिच्या मागे दारापर्यंत धावते, मध्येच कशासाठी धावतेय ते विसरते, आणि तिथेच उभी राहते.